ब्लोहोल

उद्यमबागेत माझं काम एवढंच:
थंड झालेल्या पंपाच्या बॉडीवर हातोडी वाजवायची,
आवाज ऐकायचा,
आणि आत कुठं हवा अडकलेली वाटली
तर लाल खडूनं फुली मारायची.
तेवीस वर्षं झाली.
वाऱ्याला इतक्या वेळा नापास केलेला माणूस
बेळगावात दुसरा नसंल.

भावकाण्णा सुळगेकर मोल्ड ठोकून झाला
की सायकलच्या स्पोकनं वाळूत भोकं पाडायचा,
लोखंड ओतताना वाफ निघून जावी म्हणून.
टोचता टोचता पुटपुटायचा: होगप्पा, होगु.
वाऱ्याशी तो कन्नडातच बोलायचा.
वाळूशी मराठीत.
लोखंडाशी कोण बोलणार,
ते ऐकून घेईपर्यंत गोठलेलं असतंय.

त्याची वैजू धारवाडला चित्रकला शिकून आली
आणि एका रविवारी दारात उभी राहून म्हणाली,
काका, एक पेटी द्या. दोन बाय दोनची.
वाळू चाळलेली पाहिजे, कोरडी.
कशाला गं?
वाऱ्याचा साचा काढायचाय.

मी हसलो.
भावकाण्णा चाळण शोधायला गेला.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला.
टेम्पो जिथं थांबवला तिथून जमीन
एकदम खाली, गोव्याकडं उतरते.
समुद्र दिसत नाही. धुरकट रान दिसतं,
त्याच्यापलीकडं आणखी धुरकट काहीतरी.
ओठ चाटून बघा, वैजू म्हणाली, खारट लागतंय.
मला माझ्याच घामाची चव आली,
खरं बोललो नाही.

फाल्गुनातली रात्र. पेटी उघड्यावर,
आम्ही तिघं टेम्पोत, काचा वर करून.
रात्रभर ताडपत्रीची एक कड फडफडत होती
आणि झोपेत मला वाटत होतं
की कुणीतरी घाईघाईनं हिशेब लिहितंय.

सकाळी वाळूवर रेघा होत्या.
बारीक, एकामागं एक, कुठंच न तुटलेल्या,
आणि त्यांना तिरकं कापत गेलेली
एका किड्याची वाट.
ती पुसू का, मी विचारलं.
त्याला पण वारा लागला असंल की काका,
असं म्हणून तिनं वर सिलिकेटचा फवारा मारला
आणि गॅस सोडला. वाळू दगड झाली.
परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला
भावकाण्णा पेटीवर हात ठेवत होता,
बाळंतिणीला घरी आणावं तसा.

सोमवारी शेवटच्या लॅडलमध्ये उरलेलं लोखंड
कुणाला न विचारता आम्ही ओतलं.
ओतण्याआधी भावकाण्णानं स्पोक काढला,
वाळूजवळ नेला,
आणि परत खिशात घातला.

थंड झाल्यावर बत्तीस किलो भरलं.
रेघा आल्या होत्या. किडा पण आला होता.
सवयीनं मी हातोडी वाजवली:
आवाज भद्द.
सवयीनंच हात खिशात गेला
आणि कळायच्या आत फुली मारून झाली.
वैजूनं बघितलं. राहू दे, म्हणाली.

वडगावात बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये
तिनं ते चार दिवस मांडलं.
एकानं विचारलं, नेमका कुठला वारा?
इकडचा का तिकडचा?
दुसऱ्यानं दर विचारला, भंगाराच्या भावानं.
एक म्हातारी विणकरीण रेघांवरून बोट फिरवत राहिली
आणि किड्याच्या वाटेपाशी थांबून म्हणाली,
इथं धागा तुटलाय बघ.

पावसाळा संपता संपता
भावकाण्णाला दवाखान्यात नेलं.
तीस वर्षांची वाळू.
डॉक्टरनं त्याच्या पाठीवर एक बोट ठेवलं
आणि दुसऱ्या बोटानं त्यावर वाजवलं,
वर, खाली, बाजूला.
मी दाराशी उभा होतो.
तो आवाज मला सांगावा लागला नाही.

आता तो घरी असतो, खिडकीपाशी बसून.
ती पाटी बाहेर, भिंतीला टेकवून ठेवलीय.
पश्चिमेकडच्या कडेला आधी गंज धरलाय.
बघ, येतंय ते हळूहळू, तो म्हणतो,
आणि पुढचं वाक्य बोलायला
जरा थांबतो,
आत हवा घेतो.